वीकेंड वर्धा : चरखा फक्त फोटोपुरता नाही!

मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, आता या वीकेंडला काय? हटके काही हवं असेल तर वर्ध्याची गाडी पकडा. नागपूरहून जेमतेम दीड तास.

इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यात ब्लिस्ट्स हिल नावाचं अख्खं व्हिक्टोरियन गाव उभं केलंय. मेणबत्त्या बनवणारे, छापखानेवाले, लोहार, सगळे त्या काळच्या पोशाखात काम करून दाखवतात. तिथल्या बँकेत आजचे पैसे देऊन जुन्या धर्तीची नाणी घ्यायची आणि शॉपिंग करायचं. आयडिया भन्नाट आहे. पण तिथलं सगळं 'एके काळी' होतं!

वर्ध्यातल्या मगनवाडीचं तसं नाही. खेड्यातले उद्योग जगवायला १९३४ मध्ये निघालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं हे ठाणं. जे. सी. कुमारप्पा इथे तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन असल्या गोष्टींवर काम करायचे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी इथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. 'जुनं ते सोनं' म्हणून काचेत ठेवायचा हा मामला नव्हता. हे धंदे पुढेही चालावेत म्हणून मांडलेलं प्रदर्शन होतं ते.

व्हिक्टोरिया कनेक्शन इथेही आहे बरं का! तिच्याच राज्यात, १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. या भागातला कापूस गाडीने मुंबईला, तिथून बोटीने विलायतेला जायचा आणि तिथलं मिलचं कापड इथल्या बाजारात यायचं. विणकरांचे माग थंडावले ते असे. म्हणजे कापूस आपला, कमाई दुसऱ्याची. चरखा हे त्यावरचं उत्तर होतं.

म्हणूनच संग्रहालयात तऱ्हेतऱ्हेचे चरखे बघताना नुसतं 'सो क्यूट' म्हणून पुढे सरकू नका. सरकी काढा, कापूस पिंजा, पेळू वळा, सूत काता आणि मग कुठे मागावर विणकाम. मीटरभर कापडामागे किती हात लागतात, मोजा.

तिथून सेवाग्राम आठेक किलोमीटर. माती-बांबूची, कौलारू बापू कुटी बघाच.

आणि हो, मगनवाडीत नैसर्गिक रंगांची खादी विकत मिळते. घासाघीस करण्याआधी ते मोजलेले हात आठवा. कॉफी शॉपमध्ये आपण बिलावर वाद घालतो का? फोटो काढाच, पण सोबत एक कुर्ताही घ्या. कातणाऱ्याचं आणि विणणाऱ्याचं घर लाइक्सवर चालत नाही, राव!