भाच्याची शर्यत आणि आईची सही

गेल्या वर्षी श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. आमच्या ह्यांचा डोळा लागला होता आणि मी आठवीच्या वह्या तपासत बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. वन्संचा फोन! एवढ्या रात्री म्हटल्यावर काळजात धस्सच झालं.

"वहिनी, पोरगं गाडीवरून पडलंय. हातपाय शाबूत आहेत, पण..." पुढे त्यांना बोलवेना.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही दोघं गेलो. भाच्याचं कोपरापासून मनगटापर्यंतचं सालटं निघालं होतं. बायपासवर पाच-सहा पोरं रात्री गाड्या पळवत होती, त्यांत आमचे चिरंजीव वडिलांची मोटारसायकल घेऊन सामील. वय वर्षं सतरा. लायसन्स नाही. हेल्मेट होतं, पण डोक्यात नव्हतं, हँडलला अडकवलेलं होतं!

भावोजींनी दोन ठेवून दिल्या. वन्संनी अन्न सोडलं. घरात कोणी कोणाशी बोलेना. दुपारी मी त्याच्या हाताचं बँडेज बदलत होते, तेव्हा तो हळूच म्हणाला, "मामी, मला खरी रेस करायचीय. ट्रॅकवर. पण घरात तो शब्द काढायची सोय नाही."

मी शिक्षिका, जरी अर्धवेळ असले तरी. मी त्याला गृहपाठ दिला. म्हटलं, "ही शर्यत कुठे होते, कोण शिकवतं, खर्च किती, आणि माणूस मरतो का, हे सगळं चार कागदांवर लिहून आण. मग मी तुझ्या आईशी बोलते." आठवड्याभरात सात कागद आले! शाळेत असं लिहिलं असतं तर बोर्डात आला असता.

तुमच्याही घरात असा एखादा मुलगा असेल. आजकाल मुलगीही असेल. म्हणून त्या सात कागदांतलं आणि पुढे आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं, तुम्हाला सांगते.

रस्ता वेगळा, ट्रॅक वेगळा

पहिली गोष्ट ही की रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार पहिल्यांदा सापडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरगं अठराच्या आतलं असेल तर गुन्हा पालकाच्या किंवा गाडीच्या मालकाच्या गळ्यात येतो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. हे वाचल्यावर भावोजींनी गाडीची किल्ली कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली जानव्याला बांधली.

ट्रॅकवर काय वेगळं असतं? समोरून ट्रक येत नाही. म्हैस आडवी येत नाही. सगळे एकाच दिशेने जातात. वळणाबाहेर गाडी घसरत जायला मोकळी जागा ठेवलेली असते. अँब्युलन्स आणि डॉक्टर जागेवर असल्याशिवाय गाड्या सोडत नाहीत. धोका राहतोच, पण तो सगळ्यांना ठाऊक असलेला धोका असतो.

आपल्या देशात असे मोठे ट्रॅक मोजकेच. चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला ट्रॅक सगळ्यांत जुना, १९९० साली सुरू झालेला. त्याआधी शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर शर्यती भरत. दुसरा कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे. तिसरा दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. तिथे २०२३ च्या सप्टेंबरात जगातले नामांकित मोटारसायकलस्वार येऊन गेले. आपल्या कोल्हापुरातही गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, पण मोटारसायकलची खरी शाळा दक्षिणेतच.

सुरुवात कुठून करायची

खेळाडूला परवाना लागतो. तो फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था देते. आर.टी.ओ.चं लायसन्स वेगळं, हे वेगळं. डॉक्टरी तपासणीचा दाखला आणि रक्तगट लागतो. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे सही लागते. सगळं घोडं तिथेच अडलं होतं!

परवान्याआधी शिकवणी. ट्रॅकवर दोन-तीन दिवसांचे वर्ग भरतात. गाडी, सूट, हेल्मेट भाड्यानेही मिळतात. पहिल्याच दिवशी स्वतःची गाडी विकत घेऊन देण्याचा वेडेपणा कोणी करू नये. पुढे कंपन्यांच्या 'वन मेक' शर्यती असतात. म्हणजे सगळ्यांना एकाच बनावटीची, एकसारखी गाडी. गाडीचा खर्च आणि देखभाल कंपनीकडे, निवड वेळेवर. ज्याच्या बापाकडे पैसा जास्त, त्याची गाडी जास्त पळते, असं तिथे होत नाही. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. वय आणि गटांचे नियम मात्र दरवर्षी बदलतात, ते त्या-त्या वर्षी विचारून घ्यावेत.

मी वन्संना म्हटलं, "न बघता नाही म्हणू नका. आधी बघू, मग नाही म्हणू." नाताळच्या सुट्टीत पुण्याहून गाडी पकडून आम्ही तिघं चेन्नईला गेलो. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

आम्ही काय पाहिलं

मला वाटलं होतं, गेल्या-गेल्या पोरं गाड्या पळवतील. छे! सकाळचे दोन तास फळ्यासमोर. आधी निशाणं शिकवली. पिवळं फडकलं की पुढे अपघात आहे, सावकाश, कोणाला ओलांडायचं नाही. लाल म्हणजे थांबलं सगळं, हळूहळू परत या. निळं म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. काळ्यावर नारिंगी ठिपका आणि तुझा नंबर, म्हणजे तुझ्या गाडीत बिघाड आहे, बाहेर ये. निशाण न पाळणारा कितीही पळाला तरी त्याला घरी पाठवतात. मला आमच्या हेडबाई आठवल्या.

मग गाड्यांची तपासणी. आरसे काढलेले, स्टँड काढलेलं, ऑइलचा बोल्ट तारेने बांधलेला, का तर ऑइलचा थेंब ट्रॅकवर सांडला तर मागचे चार जण घसरतील. ब्रेक, चेन, टायरची हवा, सगळं बघून मगच चिकटपट्टी लावतात.

शिकवणारे गृहस्थ तमिळ, पण हिंदी छान बोलत. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसल्या. एक, ब्रेक वळणात नाही, वळणाच्या आधी मारायचा, गाडी सरळ असताना. आणि दुसरी, जिथे नजर, तिथे गाडी. आपण सायकल शिकताना खड्डा बघत बसायचो आणि नेमक्या त्याच खड्ड्यात जायचो, आठवतं ना? तेच. पडायच्या जागेकडे बघायचं नाही, बाहेर पडायच्या जागेकडे बघायचं. वळणात बाहेरून शिरायचं, आतल्या कडेला घासून जायचं, परत बाहेर निघायचं, म्हणजे वळण जेवढं होईल तेवढं सरळ होतं.

दुपारी एक मुलगा आमच्या डोळ्यांदेखत पडला. गाडी एकीकडे, तो दुसरीकडे, दोघंही घसरत गवतात. वन्संनी माझा हात असा आवळला की बांगडी पिचकली. पिवळी निशाणं फडकली. तो मुलगा घसरणं पूर्ण थांबेपर्यंत पडून राहिला, मग उठला आणि चालत बाजूला झाला. गाडी सोडून द्यायची, घसरणं थांबेस्तोवर उठायचं नाही, हेही शिकवलेलं असतं. अंगावर कातड्याचा सूट होता, म्हणून खरचटलंसुद्धा नाही. वन्संनी भाच्याच्या हाताकडे पाहिलं. बायपासवरच्या पडण्याचा तो डाग अजून गुलाबी होता.

वन्संचा प्रश्न

संध्याकाळी वन्संनी त्या गृहस्थांना सरळ विचारलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच ट्रॅकवर बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा शर्यतीत पडून गेला. सात कागदांत भाच्याने तेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. "तोही सूट घालूनच होता ना? मग मी कशाच्या भरवशावर सही करू?"

ते गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "बहनजी, भरवसा मी देणार नाही. जो देईल त्याच्याकडे मुलगा पाठवू नका. त्या दिवशी इथल्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. एकटं पडलं तर सूट वाचवतो. पण मागून येणाऱ्याची धडक बसली तर काय होईल ते कोणाच्या हातात नसतं." आणि मग म्हणाले, "घाई करू नका. वर्षभर नुसतं शिकू दे. पळवायची घाई नसलेला मुलगाच पुढे टिकतो."

मला हे उत्तर पटलं. वन्संना पटलं असं नाही म्हणणार, पण त्या रात्री त्या पोटभर जेवल्या.

खर्चाचं आणि घरातलं

खर्चाचं खोटं सांगत नाही. नवा कातड्याचा सूट पंचवीस-तीस हजारांच्या खाली मिळत नाही. हेल्मेट, बूट, हातमोजे, पाठीचं कवच वेगळं. शिकवणीची फी, रेल्वे, राहणं वेगळं. गाडी आपटली तर दुरुस्ती आपली. आम्ही सूट भाड्याने घेतला. हेल्मेट मात्र स्वतःचं घ्यावं, मापाचं, पूर्ण तोंड झाकणारं, हनुवटीखाली दोन कड्यांतून पट्टा ओवायचं. जोराची आपट बसलेलं हेल्मेट वरून कितीही छान दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला थर एकदाच मार सोसतो. आणि विम्याचे कागद नीट वाचा. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत धरलेली नसते. माणसाच्या अपघात विम्यातही बहुधा वगळलेली असते.

घरातल्या माउलीसाठी दोन सूचना. सूट धुवू नये, उन्हात टाकू नये, कातडं तडकतं. ओल्या फडक्याने पुसून जाड हँगरवर सावलीत लटकवावा. आणि शर्यतीच्या दिवशी तेलकट काही देऊ नये. चेन्नईच्या उन्हात त्या सुटात पोरं उकडून निघतात. आदल्या दिवसापासून भरपूर पाणी, लिंबू-मीठ-साखर, आणि सकाळी हलका दहीभात. तो तिथे कुठेही मिळतो!

मुलीची आई असाल तर हेही ऐका. स्पेनची आना कारास्को हिने २०१८ साली पुरुषांबरोबर पळून जागतिक अजिंक्यपद मिळवलं. आपल्या बंगळुरूची ऐश्वर्या पिसे २०१९ साली आडरानातल्या शर्यतींचा महिलांचा विश्वचषक घेऊन आली. तेव्हा 'हे मुलींचं काम नव्हे' हे वाक्य आता शिळं झालं.

आणि सही?

वन्संनी सही केली. तीन अटींवर. डिप्लोमाचा एकही विषय राहता कामा नये. अठरा पूर्ण होऊन लायसन्स येईपर्यंत रस्त्यावर गाडीला हात नाही. आणि बायपासवरच्या मित्रांना सगळ्यांसमोर जाऊन सांगायचं की मी इथे पळवणार नाही. तिसरी अट सगळ्यांत अवघड होती, पण त्याने पाळली. त्यांतले दोघं आता त्याच्याकडे ट्रॅकची माहिती विचारायला येतात.

या जुलैत त्याची पहिली शर्यत झाली, नवख्यांच्या गटात. शेवटून चौथा आला. हेल्मेट काढलं तेव्हा तोंड असं फुललं होतं, जसा पहिलाच आलाय. वन्सं पूर्ण शर्यतभर डोळे मिटून जपमाळ ओढत होत्या. मी बघत होते आणि प्रत्येक फेरीला मोजत होते, आला, आला, आला.

मी बरोबर केलं का? मैत्रिणींनो, खरं सांगू, अजून रात्री फोन वाजला की माझ्या काळजात धस्स होतं. पण एवढं कळलं, की मुलाच्या अंगातला वेग आपण 'नाही' म्हटल्याने जात नाही. तो फक्त आपल्या नजरेआड जातो. निदान तो कुठे चाललाय, हे आपल्याला ठाऊक असावं.