कोऱ्या पत्रकावरचा कल्ला

सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने २८ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावे सुचवली. त्यातल्या दोघांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. गदारोळ झाला तो आरती साठे यांच्या नावावर. करविषयक कायद्यातल्या या वकील २०२३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या झाल्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पद सोडले आणि पक्षही. राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे आमदार रोहित पवार यांनी भाजपच्या लेटरहेडवरची ती जुनी नियुक्ती समाजमाध्यमावर टाकून हा लोकशाहीवरचा आघात असल्याचे सांगितले आणि फेरविचार मागितला. भाजपचे उत्तर तयारच होते: राजीनाम्याला दीड वर्ष झाले, निवड कॉलेजियमची आहे, आणि काँग्रेसने बहरुल इस्लाम यांच्याबाबतीत काय केले ते आधी सांगा. ऑगस्टच्या मध्यावर केंद्राची अधिसूचना निघाली आणि दोन्ही पक्ष पुढच्या विषयाकडे वळले.

बहरुल इस्लाम यांचे उदाहरण देण्यासारखे आहेच. आसामातले हे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य १९७२ मध्ये खासदारकी सोडून गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. १९८० मध्ये तिथून निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच त्यांना सर्वोच्च न्यायालयात घेतले गेले. बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांना सहकारी बँकेच्या प्रकरणात ज्या पीठाने दिलासा दिला, त्याच्या बहुमतात ते होते. विरोधी निकाल लिहिला तो मुंबईहून गेलेल्या न्या. तुळजापूरकरांनी. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९८३ मध्ये, इस्लाम यांनी काँग्रेसच्या उमेदवारीसाठी राजीनामा दिला. एवढे झाल्यावर लाजायला काही उरत नाही. पण भाजपने त्यांचे नाव घेतले ते हे पुन्हा होऊ नये म्हणून नव्हे, आपल्यालाही मोकळीक हवी म्हणून. कोलकात्याच्या अभिजित गंगोपाध्याय यांनी २०२४ च्या मार्चमध्ये न्यायाधीशपद सोडले आणि दोनच दिवसांत भाजपप्रवेश केला, तेव्हा याच पक्षाला इस्लाम आठवले नव्हते.

शिवाय यादी इथे संपत नाही. के. एस. हेगडे हेही काँग्रेसचे राज्यसभा सदस्य. १९५७ मध्ये ते म्हैसूर उच्च न्यायालयात गेले, पुढे सर्वोच्च न्यायालयात. केशवानंद भारती खटल्यात ते सरकारविरुद्धच्या बहुमतात होते. निकालानंतर सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलणारे सरकार काँग्रेसचेच होते. कृष्ण अय्यर तर केरळात ईएमएस नंबुद्रीपाद यांच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते, सर्वोच्च न्यायालयातल्या त्यांच्या नेमणुकीविरुद्ध मुंबईच्या वकीलवर्गातूनही आवाज उठला होता. त्यांचे पुढचे काम सगळ्यांना ठाऊक आहे. हेगडे आणि अय्यर ही नावे या वादात कोणीच फारशी घेत नाही, कारण ती कोणाच्याच कामाची नाहीत.

पक्षात होता, एवढ्यावर कोणाला न्यायासनापासून दूर ठेवावे असे आम्हाला वाटत नाही. घटनेच्या अनुच्छेद २१७ मध्येही तशी अट नाही. मात्र खासदार आणि प्रवक्ता यांत फरक आहे. खासदार क्वचित का होईना, पक्षाशी असहमत होऊ शकतो. प्रवक्त्याचे काम पक्षाचे सगळे म्हणणे बरोबर ठरवण्याचेच, आणि त्यातून बाहेर पडल्यावर दीड वर्ष हे अंतर थोडेच. तरीही प्रश्न एका नावाचा नाही.

१७ जानेवारी २०२३ रोजी कॉलेजियमने मद्रास उच्च न्यायालयासाठी भाजप महिला मोर्चाच्या माजी राष्ट्रीय पदाधिकारी व्हिक्टोरिया गौरी यांचे नाव सुचवले. त्याच दिवशी त्याच न्यायालयासाठी जॉन सत्यन यांचे नाव दुसऱ्यांदा पाठवले. सत्यन यांनी पंतप्रधानांवर टीका करणारा एक लेख समाजमाध्यमावर पुढे पाठवला होता, हा गुप्तचर खात्याच्या अहवालातला आक्षेप. कॉलेजियमने तो फेटाळला आणि त्यांची नेमणूक आधी व्हावी असेही लिहिले. गौरी यांनी तीन आठवड्यांत शपथ घेतली. सत्यन यांची अधिसूचना काही निघाली नाही. एका पक्षाचे पद भूषवलेले चालते आणि दुसऱ्याचा लेख पुढे पाठवलेला खटकतो, ही ती मोजपट्टी! यावर ना रोहित पवारांचा पक्ष रस्त्यावर उतरला, ना भाजपला गुणवत्ता आठवली.

गौरी यांच्याविरुद्धचा आक्षेप पक्षाचा कमी आणि मुस्लिम व ख्रिश्चनांबद्दलच्या त्यांच्या भाषणांचा अधिक होता. सर्वोच्च न्यायालयात त्यावर सुनावणी चालू असतानाच तिकडे चेन्नईत शपथविधी झाला. पात्रता आम्ही तपासू शकतो, योग्यता नाही, असे पीठाने सांगितले. पीठावरचे न्या. भूषण गवई यांनी आपलीही पार्श्वभूमी राजकीय असल्याचे सांगितले. रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांच्या चिरंजीवांनी ते सांगणे प्रामाणिकपणाचेच होते. साठे यांचे नाव मंजूर करणाऱ्या कॉलेजियमचे प्रमुखही तेच होते.

योग्यता कॉलेजियमच ठरवणार आणि त्यावर दाद मागता येणार नाही, हे मान्य केले तर कारणे सांगण्याची जबाबदारी वाढते. २०१७ च्या ऑक्टोबरपासून काही काळ ठरावांत कारणे येत होती. सत्यन यांच्या बाबतीत तर सरकारचा आक्षेप आणि त्याचे उत्तर दोन्ही छापले गेले. २८ जुलैच्या पत्रकात नुसती नावे होती. साठे यांचे पक्षकार्य कॉलेजियमने विचारात घेतले का आणि घेतले तर काय ठरवले, याबद्दल दोन ओळी असत्या तर वाद त्या ओळींवर झाला असता. पत्रक कोरे, म्हणून लेटरहेड फिरले.

आता साठे न्यायमूर्ती आहेत आणि त्यांना काम करू दिले पाहिजे. पण शिवसेनेच्या आमदार-अपात्रतेचा वाद मुंबई उच्च न्यायालयातही आला होता, पक्षांची भांडणे पुढेही येत राहतील. कोणत्या न्यायाधीशाने कोणत्या प्रकरणापासून किती वर्षे दूर राहायचे, याचा लेखी नियम नाही. ते ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेले आहे. कामवाटप मुख्य न्यायमूर्तींच्या हाती असते. पक्षपदावरून आलेल्या न्यायाधीशापुढे पाच वर्षे पक्षीय वाद ठेवायचे नाहीत, एवढे ठरवायला घटनादुरुस्ती लागत नाही, त्यांचे एक परिपत्रक पुरते.