आमच्या बोळाचा हायवे

मराठी माणूस दोन गोष्टी न मागता देतो : सल्ला आणि पत्ता. "सरळ जा, जिथं पूर्वी टॉकीज होतं तिथं डावीकडे वळा, तोडलेल्या चिंचेपाशी कुणालाही विचारा." टॉकीज पाडून वीस वर्षं झाली, चिंचेचा बुंधाही उरला नाही, आणि या 'कुणालाही'चा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. पण हाच गृहस्थ फोनमधल्या नकाशात आपला बोळ सापडला नाही, की सातबाऱ्यावरून नाव उडवल्यासारखा भडकतो. "काय हे नकाशे! काडीची अक्कल नाही लेकाच्यांना!"

माझं भांडण या गृहस्थाशी आहे.

अहो, ज्यात तुम्ही स्वतः लिहू शकता असा एक नकाशा २००४ सालापासून जगात आहे. ओपनस्ट्रीटमॅप त्याचं नाव. इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणानं तो सुरू केला. तिथल्या सरकारी नकाशांतली माहिती वापरायची तर पैसे मोजावे लागत. तेव्हा लोकांनी ठरवलं, रस्ते आपले, पाय आपले, मग नकाशाही आपणच काढू. आज कुणीही नाव नोंदवावं आणि आपल्या दारापुढची गोष्ट त्यात भरावी.

काम माझ्यासारख्या बी.कॉम.ला जमतं, म्हणजे कुणालाही जमेल. विहीर, देऊळ, दवाखाना असेल तर एक ठिपका. रस्ता असेल तर ठिपके जोडून रेघ. खाली उपग्रहातून घेतलेलं छायाचित्र असतंच, त्यावरून गिरवायचं. मग प्रत्येकाला चिठ्ठी लावायची : हे काय आहे, नाव काय, मराठीत नाव काय. गंमत म्हणजे या चिठ्ठ्यांच्या भाषेत प्रत्येक रस्ता 'हायवे'च्या सदरात पडतो. आमच्या बोळात समोरून म्हैस आली तर माणसानं जवळच्या ओट्यावर चढायचं असतं, पण तोही हायवे! आणि बँक पडते 'ॲमेनिटी'त, म्हणजे सोयीत. बाक, पाणपोई आणि सार्वजनिक स्वच्छतागृह यांच्या पंगतीला. बँकेला सोय म्हणणारा माणूस महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या रांगेत कधी उभा राहिलेला दिसत नाही.

आता आक्षेप. आमच्या शाखेत चहाच्या वेळी हा विषय निघाला की तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला हेडकॅशियरसाहेबांचा. "कुणीही यावं आणि काहीही लिहावं? मग भरवसा कसला?" साहेब, आपण आयुष्यभर लेजरावर भरवसा ठेवला तो कशाच्या जोरावर? लेजरात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही ठोकायची. इथंही तेच. प्रत्येक बदलाला नंबर पडतो, कुणी केला, कधी केला, का केला, सगळं राहतं. कुणी आगाऊपणानं नदी पुसली तर दुसरा ती परत वाहती करतो. दुसऱ्याच्या नकाशावरून उतरवून घेणं मना. कॉपी पकडली तर नोंद रद्द. परीक्षेत आपण इतके नियम पाळले असते तर मॅनेजर झालो असतो.

दुसरा आक्षेप : "हे सरकारचं काम." बरोबर, आणि गटार तुंबलं की तेही सरकारचंच, तोवर आपण नाक दाबून बसतो. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचा तपशीलवार नकाशा हाताशी नव्हता. तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून छायाचित्रांवरून तिथले रस्ते रेखाटले, आणि मदत पथकं त्या नकाशावर फिरली. ती माणसं हैती सरकारच्या पगारावर नव्हती. आणि एक लक्षात घ्या, आकाशातून छप्पर दिसतं, रस्ता दिसतो. पण बोळाचं नाव, नळाला पाणी येतं की नाही, फाटक रात्री बंद होतं का, हे आकाशातून दिसत नाही. ते खिडकीतूनच दिसतं. तुमच्या.

तिसरा आक्षेप आमच्या युनियनवाल्यांचा. "फुकट राबायचं आपण, आणि वापरणार बड्या कंपन्या!" वापरतातच, खोटं कशाला बोला? नकाशा कुणाचा हे सांगायचं, आणि त्यातल्या माहितीत भर घालून ती बाहेर काढली तर तीही खुली ठेवायची, अशी अट आहे. पण पाणपोईवर शेठजीही पाणी पितो म्हणून रांजण फोडायचा का?

आता हसणं बाजूला ठेवून एक सांगतो. गेल्या वर्षी आमच्या मागच्या चाळीतल्या आजींना रात्री छातीत कळ आली. रुग्णवाहिका निघाली, आणि फोनमधल्या नकाशानं तिला जिथं रस्ता दाखवला तिथं आठ फुटी भिंत. भिंत बांधून तीन वर्षं झालेली. पलीकडे आजी, अलीकडे गाडी, मध्ये विटा. शेवटी चाळीतल्या पोरांनी आजींना खुर्चीत बसवून फिरून आणलं. आजी वाचल्या. पुढं महिनाभर चाळ त्या नकाशाच्या कंपनीला शिव्या देत होती. कंपनीकडे तक्रारी गेल्या, आभाराचं उत्तर आलं, भिंत काही आली नाही. खुल्या नकाशात मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीनं दहा मिनिटांत भिंत घातली, बोळ घातला, चाळीचं नाव मराठीत घातलं. आता फोन करणारा चालकाला त्याच नकाशाचा दुवा पाठवतो. शिव्या देणारे चाळीस, भिंत घालणारी एक. हे प्रमाण मला पसंत नाही.

नकाशात जे नसतं ते हळूहळू कुणाच्याच हिशेबात नसतं. हॉटेलं आणि मॉल नकाशावर आपोआप येतात, त्यांना गिऱ्हाईक हवं असतं. चाळीला, वस्तीला, विहिरीला कोण आणणार? तिथं राहणारा.

तेव्हा गृहस्थहो, संपादकांना पत्र लिहिण्याआधी तीन नोंदी करा : आपला बोळ, आपला नळ, आपली भिंत. मग नकाशाच्या नावानं हवी तेवढी कुरकुर काढा. खात्यात जमा असल्यावर काढायला आमची ना नाही.