परसांतील टोमॅटो आणि राखलेलें बीं

गेल्या वर्षीं आठवीच्या वर्गांत वनस्पतिशास्त्राचा पाठ चालू असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, टोमॅटोला स्वतःची अशी चव असते का?" वर्ग हंसला. मलाही प्रथम हंसूं आलें. परंतु घरीं गेल्यावर तो प्रश्न मनांतून जाईना. सातव्या मजल्यावर वाढलेल्या व मंडईंतील गुळगुळीत, एकसारखीं लाल फळेंच पाहिलेल्या त्या मुलानें खोटें असें काय विचारलें होतें? त्याचें उत्तर शोधतांना माझें जें मत बनलें, तें विद्यार्थिमित्रांपुढें व सुज्ञ पालकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम बाजारांतील टोमॅटोविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. नारायणगांव किंवा नाशिककडील बाजारांतून निघालेलें फळ घाट उतरून भाईंदरच्या मंडईपर्यंत शाबूत पोंचावयाचें, तर तें पुरतें पिकण्यापूर्वींच तोडावें लागतें, त्याची साल टणक असावी लागते, आणि पेटींतील सर्व फळें दिसावयास सारखीं असावीं लागतात. जुन्या जातींच्या कच्च्या फळांस देंठाजवळ गडद हिरवा पट्टा असतो. गिऱ्हाइकास एकरंगी फळ आवडतें म्हणून संशोधकांनीं तो पट्टा नसलेलीं झाडें निवडून वाढविलीं. पुढें २०१२ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, ज्या गुणामुळें तो हिरवा रंग येतो, त्याच गुणामुळें फळांत साखरही अधिक उतरते. रंग सुधारण्याच्या नादांत गोडी नकळत हातची गेली! तथापि, ह्यांत शेतकऱ्यास किंवा व्यापाऱ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. टिकाऊ फळ नसतें, तर शहरांतील गरिबाच्या ताटांत टोमॅटो रोज आलाच नसता. परंतु परसांतल्या झाडास घाट उतरावयाचा नसतो. त्याचें फळ वेडेंवांकडें, पातळ सालीचें असलें तरी चालतें. तें झाडापासून स्वयंपाकघरापर्यंत पोंचलें म्हणजे झालें. म्हणूनच जुन्या जातींस आज खरा आश्रय घरच्या बागेंतच मिळूं शकतो.

ज्या जातींस हल्लीं 'एअरलूम' म्हणतात, त्या म्हणजे कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्या बीं राखून जतन केलेल्या जाती होत. टोमॅटोच्या एकाच फुलांत स्त्रीकेसर व पुंकेसर असून बहुधा त्याच फुलांत परागसिंचन होतें. म्हणून अशा जातीचें बीं पेरिलें असतां आईसारखेंच लेकरूं निपजतें. संकरित बियाण्याचें तसें नाहीं; त्याच्या फळांतील बीं पेरिल्यास पुढील पिढींत नाना तऱ्हेचीं झाडें उगवतात, आणि दरवर्षीं नवी पुडी विकत घ्यावी लागते. ह्या जुन्या जातींच्या कथाही मनोरंजक आहेत. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत एका यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिरानें मोठ्या फळाची एक जात सिद्ध केली व तिचीं रोपें एकेक डॉलरला विकून घरावरील गहाण फेडिलें, असें सांगतात. त्या जातीचें नांवच 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे गहाण सोडविणारा, असें पडलें. 'चेरोकी पर्पल' नांवाच्या जांभळट जातीचें बीं १९९० सालीं टेनेसीहून एका बागवानाकडे टपालानें आलें, आणि तेथून तें जगभर पसरलें.

अशा कथा वाचून मलाही मोह झाला. आपल्याच देशांतील एका विक्रेत्याकडून तीन परदेशी जातींच्या पुड्या मागवून मीं फेब्रुवारीच्या अखेरीस सहा कुंड्यांत पेरणी केली. झाडें जोमानें वाढलीं, फुलें आलीं, आणि एप्रिल-मे महिन्यांत सर्व फुलें गळून पडलीं. रात्रींचा उष्मा २४-२५ अंशांखालीं उतरला नाहीं, तर टोमॅटोस फळ धरणें कठीण जातें. आमच्या खाडीकांठच्या उन्हाळ्यांत तो उतरत नाहीं, हें पुस्तकांतून ठाऊक असूनही मीं विसरलों होतों. दुसऱ्या वर्षीं पावसाळा ओसरतांच रोपें तयार केलीं. तेव्हां दोन झाडें मर रोगानें एका दिवसांत माना टाकून गेलीं, कारण मातीं ज्या कुंडींत आदल्या वर्षीं वांगें होतें तीच वापरली होती. उरलेल्यांनीं मिळून पांच फळें दिलीं. तीं उत्तम होतीं, हें मीं प्रांजळपणें कबूल करितों.

परंतु त्याच वर्षीं उत्तनच्या एका आजींनीं आपल्या वाडींतील लहान, खांचा असलेल्या, आंबट टोमॅटोचें चिमूटभर बीं कागदाच्या पुडींत मला दिलें होतें. तीं दोन झाडें मीं भिंतीशीं एका कोपऱ्यांत कशींतरीं लाविलीं. त्यांनीं डिसेंबरापासून होळीपर्यंत फळें दिलीं. इतकीं कीं शेजाऱ्यांसही वांटलीं. ज्या बियानें ह्या खाऱ्या वाऱ्यांत अनेक हिंवाळे काढिले होते, त्यास आमची हवा शिकवावी लागली नाहीं.

यावरून माझें मत असें झालें आहे: नवीन जाती अवश्य लावाव्या, पण दरवर्षीं एकच, आणि तिच्या शेजारीं आपल्या गांवची एक. परक्या फळाचा तिरस्कार करण्याचें कारणच नाहीं. टोमॅटो हें मूळचें दक्षिण अमेरिकेंतील झाड. मिरची, अननस व काजू यांप्रमाणेंच तेंही समुद्र ओलांडून आपल्याकडे आलें, आणि वडील मंडळींनीं त्यास 'बेलवांगें' म्हणून घरांत घेतलें. आज आपण ज्यास गांवरान म्हणतों, तें कोण्या एका काळीं नवीनच होतें. कोणीतरी पेरिलें आणि बीं राखिलें, म्हणून तें आपलें झालें. तेव्हां खरा प्रश्न बीं कोठून आलें हा नसून, तें कोण राखणार हा आहे.

हा प्रश्न आमच्या गांवीं तांतडीचा आहे. २००२ सालीं मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली, त्याच्या आधींपासून येथील वाड्या व मिठागरें यांच्या जागीं इमारती उभ्या राहूं लागल्या होत्या. घरें माणसांस हवींतच. त्याबद्दल तक्रार नाहीं. परंतु वाडी विकली जाते तेव्हां विहीर व झाडें यांची किंमत लावितात. चुलीवरच्या फळींत ठेवलेल्या बियांच्या पुडीची कोणी विचारपूस करीत नाहीं. टोमॅटोचें बीं कोरड्या जागीं चार-पांच वर्षें टिकतें. तेवढ्या अवधींत कोणी पेरिलें नाहीं, तर ती जात संपली.

"एका कुंडीनें काय होणार?" असें कांहीं पालक विचारतील. त्यांस मी अहिल्यानगर जिल्ह्यांतील कोंभाळणे गांवच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांचें उदाहरण देईन. शाळेची पायरी न चढलेल्या ह्या बाईंनीं आपल्या परिसरांतील गांवरान बियाणें जमवून त्याची पेढी उभारिली, आणि २०२० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आपण तर शाळेंत आहों. वही आहे, लेखणी आहे.

करावयाचें तें थोडें आहे. सप्टेंबरांत रोपें करावीं, नवी माती घ्यावी, झाडास काठीचा आधार द्यावा. सर्वांत निरोगी झाडाचें पूर्ण पिकलेलें फळ निवडून त्यांतील बीं रसासकट दोन-तीन दिवस पेल्यांत आंबवावें, मग धुवून सावलींत वाळवावें, आणि पुडीवर जातीचें नांव, घर व साल लिहावें. २००१ च्या कायद्यानें बीं राखण्याचा व देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केलेला आहे. मात्र परदेशांतील नातेवाइकांकडून पाकिटांतून बीं मागवूं नये. त्यास परवाना लागतो, आणि बियाबरोबर रोगही येऊं शकतो.

शाळेच्या प्रयोगशाळेंतील एक कपाट मीं ह्या कामासाठीं रिकामें केलें आहे. नाताळच्या सुटींत जे आजोळीं जातील, त्यांनीं आजीस विचारून एक तरी पुडी आणावी. टोमॅटोची नसली तर वालाची, भोपळ्याची चालेल.

राहतां राहिला तो विद्यार्थी. जानेवारींत त्यास उत्तनच्या बियाचें एक फळ मीं खावयास दिलें. त्यानें डोळे मिटून घेतले व म्हणाला, "सर, आंबट आहे!" मग जरा थांबून त्यानें दुसरें मागितलें. त्याच्या खिडकींतील कुंडींत यंदा तेंच झाड आहे.