जुन्या होडीची मरामत

लोणावळ्यानजीकच्या घाटमाथ्यावर उगम पावून, देहू-आळंदीवरून वाहत तुळापुरी भीमेस मिळणाऱ्या इंद्रायणीच्या काठची होडी व जाळ्याची विद्या कारखान्यांच्या विस्तारात लुप्त होऊ नये, या तळमळीने प्रस्तुत अंक जुन्या होडीच्या घरगुती मरामतीस वाहिला आहे. स्वल्प किमतीत घेतलेली लाकडी होडी प्रथम सावलीत सुकवावी, टोच्याने फळ्यांचा कुजका भाग हुडकून तेवढाच बदलावा, सांधींत कापूस ठासून वर राळ व तेल यांचा लेप द्यावा; मात्र पाण्यात लाकूड फुगून सांधी स्वभावतःच आवळतात, म्हणून ठासण्यात अतिरेक करू नये. परंतु नदीच मलिन राहिली, तर दुरुस्त होडी कोणाच्या उपयोगाची? म्हणून नदीच्या शुद्धीसाठी सरकारदरबारी तगादा लावणे, हेही याच मरामतीचे अनिवार्य कलम होय, असे आम्ही मानतो.