मापाची वही

वर्गात शब्दांची व्युत्पत्ती शिकवताना मी अनेकदा कपड्यांचे शब्द घेते. मुलांना ते लगेच पटतात, कारण ते त्यांच्या अंगावरच असतात. 'पायजमा' फारसी, 'अस्तर' फारसी. 'सदरा' अरबी 'सद्र' म्हणजे छाती यावरून आलेला. बटणाचे 'काज' पोर्तुगीज. 'दर्जी' हा शब्दही फारसी 'दर्ज' म्हणजे शिवण यावरून झाला. 'अस्तनीतला निखारा' म्हणताना आपण फारसी 'आस्तीन' म्हणजे बाहीच उच्चारतो.

यावरून कुणीतरी हमखास म्हणते, शिवलेले कपडे इथे मुसलमानांनी आणले. काहींना त्याचा अभिमान वाटतो, काहींना राग. दोघांचेही चुकते. मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्काचा शिर नसलेला पुतळा पाहा. त्याच्या अंगात लांब कोट आणि पायांत जाड बूट आहेत. तो इस्लामच्या कितीतरी शतके आधीचा आहे. अमरकोशात शिंप्याला 'तुन्नवाय' आणि 'सौचिक' असे दोन शब्द आहेत. पुढे नवे बेत आले, नवे शब्द आले, ते इथल्या शिवणीत मिसळले.

संत नामदेव शिंपी समाजातले. गुरु ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या एका पदात त्यांनी मनाला गज आणि जिभेला कात्री केले आहे, आणि तो 'गज' फारसी आहे. मुस्लिम दर्जी आपली परंपरा हजरत इद्रिस (अ.) यांच्याशी जोडतात, म्हणून स्वतःला इद्रिसी म्हणवतात. श्रद्धा वेगळ्या, पण सुईदोरा तोच.

पूर्वी कपडा माणसाच्या मापाने शिवला जाई. 1851 मध्ये सिंगरने आपल्या शिलाई यंत्राचे पेटंट घेतले. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांसाठी गणवेश घाऊक शिवावे लागले आणि ठरावीक साइजची पद्धत रुळली. तेव्हापासून माणसालाच कपड्यात बसावे लागते. एस, एम, एल यांपैकी एकात मावलो नाही की आपण दोष शरीराला देतो.

शिंपी असा दोष देत नाही. एक खांदा थोडा उतरलेला असला तर तो वहीत टिपून ठेवतो आणि कापड बेतताना ते सांभाळून घेतो. पोट सुटले आहे, पाठीला पोक आहे, एक हात आखूड आहे, या गोष्टी तो चारचौघांत बोलत नाही. वाढत्या मुलाच्या कपड्यात शिवणीआड जास्तीचे कापड सोडतो, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सैल करता येईल. तो कपडा फाटेपर्यंत चालतो, मग धाकट्याच्या अंगात जातो.

आज मापाने शिवण्याची आवड पुन्हा वाढते आहे. फक्त तिचे नाव आता 'बेस्पोक' आहे. लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरच्या दुकानांमुळे त्याला प्रतिष्ठा मिळाली. मोठ्या शहरातल्या डिझायनरने सांगितलेली रक्कम आपण निमूट देतो, आणि गल्लीतल्या दर्जीकडे मात्र पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. काम दोघांचे तेच असते. म्हणूनच दुकानावरची 'कपडे शिवून मिळतील' ही पाटी जाऊन 'अल्टरेशन करून मिळेल' अशी पाटी येते. उत्तम कोट शिवणारा हात जीन्सच्या मोहऱ्या दुमडत बसतो. त्याचा मुलगा शाळेच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे 'बिझनेस' लिहितो. मला याचे वाईट वाटते. 'शिलाईकाम' लिहायला त्याला लाज का वाटावी? ती लाज त्याला आपण शिकवली आहे.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत दर्जीच्या दुकानात सहेरीपर्यंत दिवा जळतो. तरी आपण सत्ताविसाव्या रोजाला कापड घेऊन जातो, ईदच्या आदल्या रात्री कपडे मागतो आणि पैसे 'ईदनंतर देतो' म्हणतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याला मजुरी द्यावी, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण खुत्ब्यात ऐकतो. ती या दुकानाच्या पायरीवरच पाळायची असते. दिवाळीच्या गर्दीत शिंप्याकडे जाणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे.

वर्षाला चार स्वस्त तयार कपड्यांऐवजी एक नीट शिवून घ्या. कापड महिनाभर आधी द्या, सांगितलेली शिलाई द्या आणि कपडा घेतानाच द्या. मग मापाच्या वहीत आपल्या नावाखाली आपल्या मुलांचीही नावे चढतील.