देश नाही, तरी राष्ट्र आहे

राज्यशास्त्राच्या पुस्तकात राष्ट्र आणि राज्य हे शब्द जोडीनंच येतात. त्यामुळे आपल्याला वाटतं, स्वतःचा देश नसलेल्यांनी राष्ट्र कसलं म्हणवून घ्यायचं? मापुचे लोकांविषयी वाचलं आणि माझी ही समजूत गेली.

मित्रांनो, मापुचे हे चिली आणि अर्जेंटिनातले मूळ रहिवासी. 'मापु' म्हणजे जमीन, 'चे' म्हणजे माणसं. भाषेचं नाव मापुदुंगुन, म्हणजे जमिनीची बोली. रीतसर ओळख करून देताना नुसतं नाव सांगून भागत नाही. मूळ गाव कुठलं आणि कूळ कुठलं, तेही सांगावं लागतं.

1641 मध्ये किलीनच्या तहात स्पेननं बिओबिओ नदीच्या दक्षिणेला त्यांचा अंमल मान्य केला होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिली आणि अर्जेंटिना या नव्या देशांनी सैन्य घालून ती जमीन घेतली. आज आंदीज पर्वतावरून दोन देशांची सीमा जाते. मापुचे मात्र दोन्हीकडच्या मुलखाला मिळून एकच नाव घेतात : वालमापु. 1992 मध्ये त्यांनी झेंडा केला, मधोमध कुलत्रुन हा त्यांचा पवित्र ढोल. 2019 च्या आंदोलनात सांतियागोच्या चौकात तो झेंडा बिगर-मापुचे तरुणांच्याही हातात होता.

2021 मध्ये एलिसा लोन्कोन ही मापुचे भाषातज्ज्ञ चिलीच्या संविधान सभेची अध्यक्ष झाली. तिनं भाषणाची सुरुवात मापुदुंगुनमध्ये केली. चिली हा अनेक राष्ट्रांचा देश आहे, असं त्या सभेच्या मसुद्यात लिहिलं होतं. 2022 मध्ये जनतेनं तो मसुदा सुमारे 62 टक्के मतांनी नाकारला. मापुचेंची मोठी वस्ती असलेल्या आराउकानिया प्रांतात तर नकार त्याहून जास्त.

मग राष्ट्र संपलं का? मला तसं वाटत नाही. मापुचेंमध्येही एकमत नाहीच. कुणाला स्वायत्तता हवी, कुणाला आधी जमीन परत हवी. मतदानात एक मसुदा पडला, माणसं कुठं गेली?

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आज चिलीतले साधारण एक तृतीयांश मापुचे राजधानी सांतियागोच्या भागात राहतात आणि नव्या पिढीत मापुदुंगुन बोलणारे फार थोडे आहेत. संविधानात 'राष्ट्र' हा शब्द उद्या पुन्हा आणता येईल. पण तोवर घरातली भाषा गेली, तर तो शब्द त्यांना स्पॅनिशमध्येच वाचावा लागेल.